आडपडद्याची कला : ब्रिटिश टॅब्लॉइड मथळ्यांतील चावटपणाचा इतिहास

ब्रिटनमधील लोकप्रिय वृत्तपत्रांच्या मथळ्यांत दिसणारा चावट विनोद हे मोकळ्या समाजाचे अपत्य मानण्याची प्रथा आहे. १९६० च्या दशकात लैंगिक बाबतींतील बंधने सैल झाली, चाणाक्ष मालकांनी त्याचा लाभ उठवला आणि पाहता पाहता पहिल्या पानावर द्व्यर्थी शब्दांची आतषबाजी सुरू झाली, अशी ही कथा साधारणपणे सांगितली जाते. मागील दीडशेहून अधिक वर्षांतील कायदे, खटले आणि छपाईची साधने एकत्र ठेवून पाहिली, की मात्र वेगळेच चित्र उभे राहते. हा विनोद बंधनांच्या पोटी जन्मला, बंधने होती तोवर वाढला आणि त्याची सारी कारागिरी एका अडचणीतून निघाली : जे उघड सांगता येत नाही ते वाचकाच्या मनात उमटवायचे, आणि जाब विचारला गेला तर आपण तसे काही म्हटलेच नव्हते असे सांगण्याची वाट मोकळी ठेवायची.

भारतीय काव्यशास्त्रात या युक्तीला फार पूर्वीपासून नाव आहे. अपन्हुती म्हणजे खरी वस्तू नाकारून तिच्या जागी दुसरीच वस्तू असल्याचे सांगणारा अलंकार. त्याचा छेकापन्हुती हा प्रकार अधिक खोडकर असून, त्यात नायिका आपल्या प्रियकराचे वर्णन करता करता सखीने ओळखताच ते पैंजणाचे किंवा वाऱ्याचे वर्णन असल्याचा बहाणा करते. ऐकणाऱ्याला खरा अर्थ कळलेला असतो, बोलणारीलाही तो कळल्याचे ठाऊक असते, आणि रस असतो तो या परस्पर मान्य नकारात. टॅब्लॉइडचा चावट मथळा हा याच जातीचा आहे. फरक इतकाच, की येथे नायिकेच्या जागी लाखो प्रतींचा खप असलेला कारखाना आहे आणि ज्याच्याविषयी बोलले जाते तो माणूस बहुधा खरा असतो.

टॅब्लॉइड म्हणजे नेहमीच्या रुंद पानाच्या निम्म्या आकाराचे वृत्तपत्र. हे नाव औषधाच्या दाबून बनवलेल्या वडीच्या व्यापारचिन्हावरून आले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी थोडक्यात, चटकदार बातमी देणाऱ्या पत्रांना चिकटले. तथापि या पत्रांची सामग्री त्यांच्या आकारापेक्षा जुनी आहे. १ ऑक्टोबर १८४३ रोजी जॉन ब्राऊन बेल याने लंडनमध्ये सुरू केलेले ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ हे तीन पेन्स किमतीचे रविवारचे पत्र गुन्हे, फसवणुकी आणि बदफैली यांच्या न्यायालयीन वृत्तांतांवर वाढले. तेव्हाचे मथळे मात्र नीरस होते : एका स्तंभाच्या रुंदीत बसणारे, घटनेचे वर्गीकरण सांगणारे आणि चार ठिकाणी पुन्हा वापरता येतील असे. चटक मजकुरात होती, मथळ्यात नव्हती, कारण मजकुराला न्यायालयाचे कवच होते.

हे कवच समजून घेतल्याशिवाय पुढचा इतिहास उलगडत नाही. १८५७ या एकाच वर्षी ब्रिटिश संसदेने परस्परांना छेद देणारे दोन कायदे केले. लॉर्ड कॅम्बेल यांच्या पुढाकाराने झालेल्या अश्लील प्रकाशन कायद्याने अश्लील पुस्तके व चित्रे जप्त करून नष्ट करण्याचा अधिकार न्यायदंडाधिकाऱ्यांना दिला. आणि विवाहविषयक कायद्याने घटस्फोट धर्मपीठाच्या व संसदेच्या हातून काढून दिवाणी न्यायालयाकडे सोपवला. पुढच्या वर्षी हे न्यायालय सुरू झाले आणि शयनगृहाच्या दाराशी उभ्या राहिलेल्या मोलकरणींच्या साक्षी, हॉटेलांच्या नोंदवह्या आणि जप्त केलेली प्रेमपत्रे रोज सकाळी चहाच्या टेबलावर येऊ लागली. एका कायद्याने जे पुस्तकात छापणे धोक्याचे ठरवले, तेच दुसऱ्या कायद्यामुळे वृत्तांत म्हणून निर्धास्तपणे छापता येऊ लागले. १८५९ मध्ये राणी व्हिक्टोरियाने लॉर्ड कॅम्बेल यांनाच पत्र लिहून या वृत्तांतांना आळा घालता येईल का अशी विचारणा केली, आणि अश्लीलतेविरुद्ध कायदा आणणाऱ्या त्या गृहस्थांना हे आपल्या हातात नसल्याचे कळवावे लागले.

१८६८ च्या हिकलिन खटल्यात अश्लीलतेची कसोटी ठरली : ज्यांचे मन अशा प्रभावाला बळी पडू शकते त्यांना बिघडवण्याची प्रवृत्ती मजकुरात आहे का. या कसोटीचा फटका कोणाला बसला हे पाहण्यासारखे आहे. १८७७ मध्ये चार्ल्स ब्रॅडलॉ आणि अॅनी बेझंट यांच्यावर खटला झाला तो संततिनियमनाची माहिती देणाऱ्या पुस्तिकेबद्दल. हीच कसोटी वसाहतीतही आली, मुंबईत र. धों. कर्वे यांना ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातील सरळ, शास्त्रीय भाषेतील लेखनासाठी न्यायालयात उभे राहावे लागले, १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली आणि तरीही शिक्षा टळली नाही. स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये मुंबईतील एका पुस्तकविक्रेत्याच्या खटल्यातही हिकलिनचाच आधार घेतला आणि ती कसोटी थेट २०१४ मध्ये बाजूला सारली. स्पष्ट नावे घेऊन, आरोग्याच्या दृष्टीने बोलणारा गुन्हेगार ठरला. डोळा मिचकावून बोलणारा सहसा अडकला नाही. द्व्यर्थी भाषेला बाजारात जी किंमत आली तिचे मूळ या अन्यायात आहे आणि तो विसरून मथळ्यांच्या गमतीचा इतिहास लिहिता येणार नाही.

मथळ्याची ताकद प्रथम ओळखली ती एका नीतिवादी संपादकाने. डब्ल्यू. टी. स्टेड यांनी जुलै १८८५ मध्ये ‘पॉल मॉल गॅझेट’ या सायंदैनिकात लंडनमधील बालवेश्याव्यवसायावर लेखमाला लिहिली आणि मजकुराच्या मध्ये जाड अक्षरांत उपमथळे पेरले. तेरा वर्षांची मुलगी पाच पौंडांना विकत घेतली, अशा अर्थाचा त्यांतील एक उपमथळा इतिहासात कायमचा नोंदला गेला. डब्ल्यू. एच. स्मिथ या विक्रेत्या कंपनीने ते अंक विकण्यास नकार दिला, तरी रस्त्यावर ते हातोहात खपले; त्याच वर्षी कायदा होऊन मुलींचे संमतिवय १३ वरून १६ झाले, आणि एका मुलीला मिळवण्याच्या पद्धतीबद्दल स्टेड यांना तीन महिने तुरुंगवास घडला. स्टेड यांचा हेतू शुद्ध होता याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मात्र संताप आणि कुतूहल एकाच ओळीत जागवता येतात आणि त्यांतले नेमके कशासाठी वाचक पैसे देतो हे विचारण्याची गरज पडत नाही, हा धडा पुढच्या पिढ्यांनी त्यांच्याकडून घेतला.

न्यायालयाचे कवच १९२६ मध्ये काढून घेतले गेले. रसेल घराण्यातील घटस्फोटाच्या खटल्याचे अत्यंत खाजगी तपशील १९२२ पासून दोन वर्षे छापले जात राहिले. ते वाचून राजे पाचवे जॉर्जही उद्विग्न झाले होते. शेवटी संसदेने न्यायालयीन वृत्तांतांचे नियमन करणारा कायदा केला आणि घटस्फोटाच्या बातमीत पक्षकारांची नावे, आरोपांचा त्रोटक गोषवारा आणि निकाल यांपलीकडे फारसे काही देण्यास मनाई झाली. साठ-सत्तर वर्षे चाललेला झरा आटला. आता बातमी होती पण तपशील नव्हते, आणि तपशिलांची भूक तर तीन पिढ्यांनी जोपासलेली होती. ही पोकळी भरून काढण्याचे काम सूचक शब्दांकडे आले. रविवारच्या पत्रांतील बातमीदार कुंटणखान्यांचा ‘शोध’ घेऊ लागले. तेथील सारे वर्णन करून झाल्यावर, ऐन वेळी काही निमित्त सांगून आपण बाहेर पडलो, असे शेवटी लिहिण्याचा सांकेतिक परिपाठ त्यांनी पाडला, आणि ते वाक्य इंग्रजीत विनोदाचा विषय होऊन बसले. या प्रकाराने खप किती वाढतो हे १९५० च्या सुमारास दिसून आले, तेव्हा एकट्या ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’च्या दर आठवड्याला ८० लाखांहून अधिक प्रती खपत होत्या.

मथळ्याचे रूप बदलण्याचे श्रेय मुख्यतः ‘डेली मिरर’कडे जाते. आल्फ्रेड हार्म्सवर्थ यांनी १९०३ मध्ये स्त्रियांसाठी म्हणून काढलेले हे पत्र पुढे सचित्र दैनिक झाले आणि १९३० च्या दशकाच्या मध्यात हॅरी गाय बार्थोलोम्यू यांनी त्याला कामगारवर्गाच्या टॅब्लॉइडचे रूप दिले. जाहिरात व्यवसायातून उचललेले काळेकुट्ट, प्रचंड टाइप पानावर आले. येथे एक तांत्रिक बाब सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण चावटपणाचा निम्मा इतिहास तिच्यात आहे. शिशाच्या खिळ्यांच्या छपाईत अक्षराची रुंदी ठरलेली असे. एम आणि डब्ल्यू ही अक्षरे जास्त जागा खात, आय सर्वांत कमी, आणि टॅब्लॉइडच्या अरुंद पानावर मोठ्या टाइपात एका ओळीला जेमतेम आठ-दहा अक्षरे बसत. मथळा देणारा उपसंपादक म्हणजे बातमीदाराचा मजकूर तपासून, कापून, त्याला शीर्षक देणारा कारागीर. बोटांवर अक्षरे मोजत तो लहान शब्द शोधत राही. त्यातून मथळ्यांची एक स्वतंत्र बोली तयार झाली. विवाहबाह्य संबंधाला ‘रोम्प’ म्हणजे नुसती धांगडधिंग्याची मौज म्हणायचे, दोघे भेटतात त्या घराला प्रेमाचे घरटे म्हणायचे, वेश्याव्यवसायासाठी ‘व्हाइस’ हा दुर्गुण या अर्थाचा चार अक्षरी शब्द योजायचा. हे शब्द आखूड होते, निरुपद्रवी होते आणि कोणत्याही सभ्य घरात मोठ्याने वाचता येत होते.

इंग्रजी भाषेची घडणही याला अनुकूल ठरली. इंग्रजीत एकच शब्द नाम आणि क्रियापद दोन्ही होऊ शकतो, विभक्तिप्रत्यय जवळजवळ नाहीत, नामांना व्याकरणिक लिंग नाही, आणि मथळ्यातून उपपदे व सहायक क्रियापदे गाळली की उरलेले शब्द दोन-तीन प्रकारे वाचता येतात. मराठीत प्रत्यय आणि लिंगवचन अर्थाला बांधून ठेवतात. त्यामुळे मराठी श्लेष उच्चाराच्या, लयीच्या आणि शब्द कुठे तोडायचा याच्या आधाराने खुलतो आणि तो रंगमंचावर, ढोलकीच्या साथीने अधिक शोभतो. मराठी द्व्यर्थी परंपरा तमाशातील बतावणीत आणि दादा कोंडके यांच्या चित्रपटांत फुलली, वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर तिने बस्तान बसवले नाही, याचे एक कारण व्याकरणातही असावे.

ब्रिटिश उपसंपादकांच्या मागे अशीच एक लोकपरंपरा उभी होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस म्युझिक हॉल म्हणजे गाणी, नकला आणि विनोद यांचे कामगार वस्त्यांतील नाट्यगृह भरात होते; मारी लॉइड या गायिकेची ख्याती अशी, की गाण्याच्या शब्दांत खटकण्याजोगे काही नसताना नजरेच्या फेकीने ती सारे सभागृह हसवत असे. त्याच्याच जोडीला समुद्रकाठच्या सहलीच्या गावांतून विकली जाणारी रंगीत पोस्टकार्डे होती. धिप्पाड बायका, किरकोळ नवरे, नवविवाहित जोडपी आणि खाली दोन अर्थांचे एक वाक्य. या कार्डांचा सर्वांत प्रसिद्ध चित्रकार डोनाल्ड मॅकगिल याच्यावर जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४१ मध्ये निबंध लिहिला आणि त्यात एक मर्मभेदी निरीक्षण नोंदवले : हे विनोद बंडखोर नसून विवाह आणि नीती यांची चौकट पक्की असलेल्या समाजातच ते हसू आणू शकतात. १९५४ मध्ये लिंकनच्या न्यायालयाने त्याच मॅकगिलला, वयाच्या ऐंशीच्या उंबरठ्यावर, १८५७ च्या कायद्याखाली ५० पौंड दंड आणि २५ पौंड खर्च भरायला लावला. शंभर वर्षांपूर्वीच्या कायद्याने पोस्टकार्डावरील विनोद गुन्हा ठरला. त्याच आठवड्यात त्याच जातीची ओळ वृत्तपत्रात छापणारा उपसंपादक मात्र सुरक्षित होता.

अश्लीलतेच्या कायद्यापेक्षा वृत्तपत्रांना खरी भीती होती ती अब्रुनुकसानीच्या दाव्याची. इंग्रजी अब्रुनुकसानीच्या कायद्यात ‘इन्युएंडो’ ही एक तांत्रिक संज्ञा आहे : वरवर निर्दोष दिसणाऱ्या शब्दांना विशिष्ट माहिती असलेल्या वाचकांच्या दृष्टीने बदनामीकारक अर्थ प्राप्त होतो, तेव्हा तो सूचितार्थ फिर्यादीने न्यायालयात मांडून सिद्ध करायचा असतो. या कसोटीवर सूचकतेची कला उघडपणे तपासली गेली ती १९५९ च्या लिबराची खटल्यात. ‘डेली मिरर’मध्ये ‘कॅसँड्रा’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या विल्यम कॉनर यांनी सप्टेंबर १९५६ मध्ये अमेरिकन पियानोवादक लिबराची यांच्यावर विशेषणांची जी सरबत्ती केली, तिच्यात ‘फळाच्या स्वादाचा’ अशा अर्थाचा एक शब्द होता. फळ हा शब्द बोलीभाषेत समलिंगी पुरुषासाठी वापरला जाई, आणि पुरुषांमधील समलिंगी संबंध इंग्लंडमध्ये १९६७ पर्यंत तुरुंगवासास पात्र गुन्हा होता. हा अर्थ आपल्याला माहीत नव्हता असे कॉनर यांनी शपथेवर सांगितले. लिबराची यांनीही आपण समलिंगी नसल्याचे शपथेवर सांगितले. ज्यूरीने पत्राविरुद्ध निर्णय देऊन ८,००० पौंडांची भरपाई मंजूर केली. पुढे लिबराची यांच्या मृत्यूनंतर जे स्पष्ट झाले त्यावरून पाहता, त्या न्यायालयात दोन्ही बाजूंनी नकाराचाच आश्रय घेतला होता, पण दोन नकारांचे वजन सारखे नव्हते : पत्राचा नकार खपासाठी होता आणि त्या कलावंताचा नकार तुरुंग व सर्वनाश टाळण्यासाठी. सूचक विनोदाला निरुपद्रवी करमणूक म्हणणाऱ्या प्रत्येकाने हा खटला वाचावा.

या सर्व धाग्यांची वीण पक्की झाली ती ‘द सन’मध्ये. १९६४ मध्ये डबघाईच्या ‘डेली हेरल्ड’च्या जागी निघालेले हे पत्र रूपर्ट मर्डॉक यांनी १९६९ मध्ये स्वस्तात विकत घेतले आणि १७ नोव्हेंबर १९६९ रोजी टॅब्लॉइड आकारात नव्याने सुरू केले, संपादक होते लॅरी लॅम. बरोबर एका वर्षाने, वर्धापनदिनाच्या अंकात तिसऱ्या पानावर एका तरुणीचे विवस्त्र छायाचित्र छापले गेले आणि तिला ‘बर्थडे सूट गर्ल’ म्हटले गेले. इंग्रजीत वाढदिवसाचा पोशाख म्हणजे जन्मावेळची अवस्था, अर्थात नग्नता; पत्राचाही तो वाढदिवसच. श्लेष निर्दोष होता. त्याहून बोलका होता त्याखालचा मजकूर, ज्याचा आशय असा, की काही स्वयंघोषित टीकाकार ‘सन’ला लैंगिकतेने झपाटले आहे असे म्हणतात, प्रत्यक्षात झपाटलेले ते टीकाकारच आहेत. छेकापन्हुतीचा नकार येथे व्यापारी धोरण म्हणून, जाहीरपणे छापला गेला : घाण शब्दांत नाही, पाहणाऱ्याच्या मनात आहे.

यॉर्कशरमधील सोअरबी ब्रिज या छोट्या गावाच्या नगरपरिषदेने सार्वजनिक वाचनालयातून ‘सन’ काढून टाकला, तेव्हा पत्राने केलेला प्रतिकार या शैलीचा नमुना आहे. परिषदेच्या सदस्यांना ‘सिली बर्गर्स’ असे संबोधले गेले. बर्गर म्हणजे नगरीचा प्रतिष्ठित रहिवासी. पण हा शब्द उच्चारात एका अतिपरिचित इंग्रजी शिवीच्या इतका जवळ आहे, की ती शिवी न छापता छापली गेली. ही मोहीम १६ महिने चालली, नगरपरिषदेत सत्तांतर झाले आणि बंदी उठली. स्थानिक प्रतिनिधींनी आपल्या वाचनालयाबद्दल घेतलेला निर्णय योग्य होता की नाही यावर मुद्देसूद वाद शक्य होता. तो झाला नाही, कारण हास्यास्पद ठरवल्या गेलेल्या माणसाला वाद घालता येत नाही. १९७८ मध्ये ‘सन’ने खपात ‘मिरर’ला मागे टाकले, आणि पुढच्या दशकात त्याच्या रोज सुमारे ४० लाख प्रती जात होत्या.

केल्विन मॅकेन्झी १९८१ ते १९९४ या काळात संपादक असताना मथळा हीच बातमी झाली. उपसंपादकांचे टेबल, जे बहुतांशी पुरुषांचेच होते, संध्याकाळी एकत्र बसून यमके, गाण्यांच्या ओळी आणि शिव्यांचे अर्धे तुकडे जुळवत असे. फॉकलंड युद्धात, २० एप्रिल १९८२ रोजी, अर्जेंटिनाच्या लष्करी राजवटीचा प्रस्ताव फेटाळताना ‘सन’ने ‘स्टिक इट अप युअर हुंता’ असा मथळा दिला. समोरच्याचे म्हणणे त्याच्याच देहाच्या नको त्या भागात कोंबण्यास सांगणारा एक शिवराळ वाक्प्रचार त्यात शेवटच्या शब्दाच्या जागी ‘हुंता’, म्हणजे लष्करी राजवट, हा शब्द घालून वापरला होता. चावटपणाची हत्यारे आता परराष्ट्र धोरणालाही लागू झाली. दोनच आठवड्यांनी, ४ मे रोजी, अर्जेंटिनाची ‘बेल्ग्रानो’ ही युद्धनौका बुडाल्यावर याच खेळकर सुरात, चोर पकडताना मारलेल्या आरोळीसारखा ‘गॉचा’ हा एका शब्दाचा मथळा आला. जीवितहानीचा अंदाज येताच पुढच्या आवृत्तीत तो बदलला गेला. मृतांची संख्या अखेर ३२३ ठरली. हसवण्याची सवय जडलेल्या यंत्राला थांबायचे कोठे हे कळत नाही, याचा याहून ठळक पुरावा ब्रिटिश पत्रकारितेत नाही.

अटलांटिकपलीकडे मर्डॉक यांच्याच ‘न्यूयॉर्क पोस्ट’ने १५ एप्रिल १९८३ रोजी दिलेला ‘हेडलेस बॉडी इन टॉपलेस बार’ हा मथळा तंत्राच्या दृष्टीने जगातील सर्वोत्कृष्ट मथळ्यांत गणला जातो. शीर नसलेले धड आणि वरच्या अंगावर वस्त्र नसलेल्या नर्तकींचे मद्यगृह, दोन्हींना एकच अभावदर्शक प्रत्यय, पाच शब्दांत यमक, लय आणि संपूर्ण बातमी. तो रचणारे व्हिन्सेंट मुसेटो यांनी मद्यगृह खरोखरच तसे आहे याची खात्री करून घेण्याचा आग्रह धरला होता. या कारागिरीला दाद द्यायलाच हवी. तिच्याखाली झाकली गेलेली घटना अशी, की बंदूकधारी माणसाने मालकाला ठार करून तेथील स्त्रियांना ओलीस ठेवले, एकीवर बलात्कार केला आणि दुसरीला शवाचे शीर कापायला भाग पाडले. मथळा जगभर पाठ झाला. त्या स्त्रिया त्यात कोठेही नाहीत.

हे हास्य सत्तेवर रोखलेले असे तेव्हा त्याची बाजू वेगळी दिसते. ६ फेब्रुवारी १९९२ रोजी लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे नेते पॅडी अॅशडाऊन यांचे जुने विवाहबाह्य प्रकरण उघड झाल्यावर ‘सन’ने त्यांचे आडनाव मोडून ‘पॅडी पँट्सडाऊन’ केले, म्हणजे चड्डी उतरलेला पॅडी. अॅशडाऊन यांनी स्वतःच पुढे या मथळ्याच्या चतुराईला दाद दिली आणि त्यांच्या लोकप्रियतेला धक्का लागला नाही. त्याच वर्षी मंत्री डेव्हिड मेलर यांचे एका अभिनेत्रीशी असलेले संबंध उघड झाले. पायाची बोटे चोखल्याच्या तपशिलाचा गवगवा केला गेला आणि सप्टेंबरमध्ये राजीनामा येताच ‘सन’ने ‘फ्रॉम टो जॉब टू नो जॉब’ हे यमक जुळवले. मेलर यांनी १९८९ मध्ये वृत्तपत्रांना ही तुमची शेवटची संधी आहे असा इशारा दिला होता आणि वृत्तपत्रविषयक धोरण त्यांच्याच खात्यात होते, हे लक्षात घेतले की या यमकामागील हिशेब कळतो. प्रकरणातील सर्वांत रसभरीत तपशील एका प्रसिद्धी-दलालाने रचले होते, हे नंतर बाहेर आले. तोपर्यंत यमक भाषेत रुळले होते.

सत्ता नसलेल्यांवर तोच विनोद कसा कोसळतो हे मजूर पक्षाच्या खासदार क्लेअर शॉर्ट यांच्या अनुभवावरून दिसते. १९८६ मध्ये त्यांनी वृत्तपत्रांतील, ‘सन’च्या तिसऱ्या पानावरच्यासारख्या, विवस्त्र तरुणींच्या छायाचित्रांवर बंदी घालणारे विधेयक मांडले, तेव्हा सभागृहातील पुरुष सदस्य त्यांच्या भाषणावर खिदळत होते. बाहेर ‘सन’ने त्यांना ‘किलजॉय क्लेअर’, म्हणजे रंगाचा बेरंग करणारी, असे नाव ठेवले. त्यांना हजारो स्त्रियांची पत्रे आली, त्यांतील निवडक पुढे पुस्तकरूपाने निघाली, आणि ती पत्रे मथळ्यांच्या इतिहासाची दुसरी बाजू सांगतात : बसमध्ये, कचेरीत, कारखान्यात शेजारचा पुरुष ते पान उघडून मोठ्याने वाचतो तेव्हा विनोद हा दोघांमधील खेळ राहत नाही. २००३ च्या कायद्यापर्यंत अशा छायाचित्रांसाठी १६ वर्षांच्या मुली चालत होत्या, हेही येथे नोंदले पाहिजे. समलिंगी पुरुषांबाबत १९८० च्या दशकातील मथळे तर निखळ क्रूर होते. गायक एल्टन जॉन यांच्यावर १९८७ मध्ये केलेल्या खोट्या आरोपांसाठी ‘सन’ला दहा लाख पौंड द्यावे लागले आणि १२ डिसेंबर १९८८ रोजी पहिल्याच पानावर क्षमेचा मथळा छापावा लागला. ज्यांच्याकडे वकिलांवर खर्चायला पैसे नव्हते त्यांच्यासाठी असे मथळे निघाले नाहीत.

मुंबईतील इंग्रजी पत्रांनी या परंपरेतून काही उचलले. आर. के. करंजिया यांनी १९४१ मध्ये सुरू केलेल्या ‘ब्लिट्झ’ या साप्ताहिक टॅब्लॉइडच्या शेवटच्या पानावर ख्वाजा अहमद अब्बास यांचे डाव्या विचारांचे सदर आणि मदनिकेचे छायाचित्र एकत्र नांदत. १९७९ मध्ये निघालेल्या ‘मिड-डे’नेही रोज एक तरुणी ‘मेट’ म्हणून छापली. मराठीत आचार्य अत्रे यांच्या ‘मराठा’ने मथळ्यात विनोद आणि शिवराळ जोश आणला, पण तो राजकीय भांडणाचा जोश होता. वृत्तपत्र घरातील सर्वांच्या हाती जाणार, ही जाणीव मराठी संपादकाला सूचकतेपेक्षा मौनाकडे नेत असे, आणि तीच जाणीव इंग्रज उपसंपादकाला सूचकतेकडे नेत असे. एकाच संकोचाची ही दोन फळे आहेत.

ब्रिटनमध्ये या कलेचा आधार दोन बाजूंनी सुटत गेला. संगणकावरील शोधयंत्राला श्लेष कळत नाही. त्याला माणसाचे पूर्ण नाव आणि घटनेचा सरळ उल्लेख लागतो, त्यामुळे संकेतस्थळांवरील मथळे लांब आणि सपाट झाले. आणि जे सुचवण्यात गंमत होती ते जेव्हा कोणालाही, कोणत्याही क्षणी, उघडपणे पाहता येऊ लागले, तेव्हा आडपडद्याची किंमत उतरली. त्यातच २०१२ मध्ये लेखिका लूसी-अॅन होम्स यांनी ‘नो मोअर पेज थ्री’ ही मोहीम सुरू केली. ऑलिम्पिकमध्ये ब्रिटिश स्त्रिया पदके जिंकत असताना ‘सन’च्या अंकातील स्त्रीचे सर्वांत मोठे छायाचित्र तिसऱ्या पानावरचे होते, हे त्यांच्या लक्षात आले होते, आणि त्यांच्या विनंतीपत्रावर दोन लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. जानेवारी २०१५ मध्ये काही दिवस ते छायाचित्र आले नाही आणि इतर माध्यमांनी प्रथा संपल्याचे जाहीर केले. २२ जानेवारीच्या अंकात ‘सन’ने ते पुन्हा छापले, वर ‘खुलासे आणि दुरुस्त्या’ असे गंभीर शीर्षक देऊन, आणि हे तिसरे पान आहे व हे तरुणीचे छायाचित्र आहे असा खुलासा करून. मोहिमेतील स्त्रियांच्या अडीच वर्षांच्या चिकाटीला दिलेले हे उत्तरही विनोदाच्याच आडून होते. त्यानंतर छापील ‘सन’मध्ये तसे छायाचित्र आले नाही, आणि ‘डेली स्टार’ या उरलेल्या दैनिकाने २०१९ मध्ये ती प्रथा सोडली.